पंचेचाळीस मिनिटं कोणाकडे आहेत?

गेल्या जूनमध्ये आत्याच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये साखर वाढलेली निघाली. आत्या ५३ वर्षांची. घाटकोपर पूर्वेला पंतनगरात राहते, मरोळला एका ऑफिसात हिशेब बघते. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली आणि कागदाच्या तळाशी एक ओळ: ‘रोज ४५ मिनिटे भरभर चालणे.’ ‘रोज’ या शब्दाखाली दोन रेघा. आत्यानं त्याच रविवारी बूट आणले, चांगले अडीच हजारांचे. नऊ दिवस ती पहाटे सव्वापाचला घराबाहेर पडली. दहाव्या दिवशी धो धो पाऊस, अकराव्या दिवशी पाहुणे, बाराव्या दिवशी झोपच उघडली नाही. त्यानंतर बूट चपलांच्या कपाटात वरच्या कप्प्यात गेले.

दिवाळीत भेटली तेव्हा मी विचारलं, ‘‘आत्या, चालणं चालू आहे ना?’’

‘‘नाही गं, माझ्याच्यानं नाही होत. मी मुळातच आळशी.’’

ही बाई साडेपाचला उठून पाणी भरते, दोन डबे करते, सव्वाआठला मेट्रोसाठी निघते, संध्याकाळी साडेसातला परत येऊन आधी कुकर लावते. ती आळशी आहे हे तिला कोणी सांगितलं? कोणीच नाही. त्या कागदावरच्या ओळीनं सांगितलं.

इथे नेहमी मी एखादा पेपर घेऊन तो उलगडून दाखवते. आज पेपरऐवजी हे एक वाक्य घेतलंय. एखाद्या कवितेची ओळ वाचावी तसं ते वाचायचं: ते कोणाला उद्देशून आहे, त्यात काय गृहीत धरलंय, आणि त्यातला आकडा आला कुठून. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. हे वाक्य खोटं नाही. पण ते जो माणूस आधीच चालतो त्याच्यासाठी लिहिलेलं आहे. जो चालत नाही, त्याला सगळ्यात महत्त्वाची जी गोष्ट कळायला हवी, नेमकी तीच या वाक्यात झाकली जाते.

आकड्यापासून सुरुवात करू. मराठी घरांत ४५ हा आकडा नवीन नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची जीवनशैली ज्यांनी ऐकली आहे त्यांना तो पाठ असेल: दिवसातून दोनदाच जेवायचं, जेवण ५५ मिनिटांत संपवायचं आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. दिवंगत श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवरून निघालेला हा कार्यक्रम २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात घरोघरी पोचला. ‘दीक्षित की दिवेकर’ यावर तेव्हा लग्नाच्या पंगतीत भांडणं व्हायची, आठवत असेल. त्या भांडणात सगळा जोर ‘किती वेळा खायचं’ यावर होता. चालण्याच्या अर्ध्या भागाची समीक्षा कोणी फारशी केलीच नाही. चालणं चांगलंच, त्यात काय तपासायचं, असा एकूण भाव.

तर थोडं गणित करून बघू. ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर म्हणजे मिनिटाला १०० मीटर, ताशी ६ किलोमीटर. पाच फूट उंचीच्या बाईचं पाऊल भरभर चालताना ६५ ते ७० सेंटिमीटर पडतं असं धरलं, तर मिनिटाला साधारण १४० ते १५० पावलं झाली. कॅट्रिन ट्यूडर-लॉक आणि सहकाऱ्यांनी पावलांच्या वेगावर बरीच वर्षं काम केलंय. त्यांच्या ढोबळ मोजमापानुसार मिनिटाला १०० पावलं म्हणजे मध्यम श्रम आणि १३० च्या पुढे जोरकस श्रम. म्हणजे ज्याला आपण घरात ‘जरा चालायचं’ म्हणतो, ते पन्नाशीतल्या बुटक्या बाईसाठी जवळजवळ धावण्याच्या अलीकडचं काम आहे. आणि ते आठवड्याचे सातही दिवस केलं तर ३१५ मिनिटं होतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची आहे, जोरकस असेल तर ७५ ते १५०. जोरकस म्हणून मोजलं तर ही मागणी शिफारशीच्या वरच्या टोकाच्याही दुप्पट होते.

या कार्यक्रमामुळे हजारो माणसं घराबाहेर पडली, फुकटात, कुठलंही यंत्र किंवा जिम विकत न घेता. हे मी मनापासून मान्य करते. मराठी माणसाला चालायला लावणारं एवढं मोठं काम दुसरं कुठलं झालंय असं मला दिसत नाही. माझा आक्षेप फक्त एवढाच, की ज्यानं वर्षानुवर्षं काही केलेलं नाही त्याच्यापुढे पहिल्या दिवशी हीच पायरी ठेवली जाते आणि त्याच्या अलीकडे दुसरी पायरी आहे हे सांगितलं जात नाही.

दुसरा प्रसिद्ध आकडा १०,००० पावलांचा. तो तर बाजारातून आलाय. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये फिटनेसचं वारं होतं. १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीनं एक पावलं मोजायचं यंत्र काढलं, नाव ‘मानपो-केई’, म्हणजे शब्दशः ‘दहा हजार पावलांचा मापक’. आकडा गोल, लक्षात राहणारा. साठ वर्षांनी तो आपल्या मनगटावर येऊन बसलाय आणि रात्री साडेनऊला कंप पावून सांगतो की अजून ४,२०० राहिली.

मग खरी किती पावलं लागतात? इथे आय-मिन ली यांचा २०१९ चा अभ्यास बघण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या १६,७४१ स्त्रिया, सरासरी वय ७२. प्रत्येकीनं सात दिवस कंबरेला एक मोजयंत्र लावलं. पुढे सरासरी चार वर्षं कोण जगलं, कोण गेलं याची नोंद ठेवली. सगळ्यात कमी चालणाऱ्या गटाची पावलं दिवसाला २,७०० च्या आसपास होती. त्यांच्या तुलनेत ४,४०० च्या आसपास चालणाऱ्या गटात मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी निघालं. पुढे पावलं वाढत गेली तसा फायदा वाढला, पण ७,५०० च्या सुमारास आलेख सपाट झाला. आणि एकूण पावलं लक्षात घेतली की किती वेगात चाललात याचा वेगळा फरक फारसा उरला नाही.

२,७०० आणि ४,४०० मधलं अंतर बघा. १,७०० पावलं. मिनिटाला शंभर धरली तर सतरा मिनिटं.

नंतर २०२२ मध्ये अमांडा पालुच आणि सहकाऱ्यांनी १५ अभ्यासांतल्या ४७ हजारांवर लोकांची माहिती एकत्र केली. तिथेही आलेखाचा आकार तोच. साठीच्या पुढच्यांसाठी ६ ते ८ हजारांवर सपाट, साठीच्या आतल्यांसाठी ८ ते १० हजारांवर. म्हणजे तरुणांच्या बाबतीत १०,००० चा आकडा अगदीच बाद नाही. पण महत्त्वाचा भाग आलेखाचं टोक नव्हे, त्याची सुरुवात आहे. चढण सगळ्यात उभी आहे ती तळाशी. बसून असलेल्या माणसानं उचललेलं पहिलं हजार पावलांचं पाऊल हे आठ हजारांवरून नऊ हजारांवर जाणाऱ्याच्या हजार पावलांपेक्षा कितीतरी मोलाचं आहे. ‘४५ मिनिटं’ किंवा ‘१०,०००’ असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या मनात उंबरठा तयार होतो: तेवढं झालं तर पास, नाहीतर नापास. आत्या पंचेचाळीस करू शकली नाही, म्हणून तिनं शून्य केलं. पंधरा करण्यात काही अर्थ आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता थोडं पुराव्याच्याच विरोधात. हे सगळे अभ्यास निरीक्षणाचे आहेत. कोणाला चिठ्ठी टाकून ‘तू चाल, तू बस’ असं सांगितलेलं नाही. त्यामुळे उलटी शक्यता कायम राहते: कमी चालल्यामुळे माणूस आजारी पडला, की आतून आजारी होता म्हणून कमी चालत होता? ही अडचण जुनीच आहे. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, बसून असलेल्या ड्रायव्हरांना जास्त. व्यायामाच्या आधुनिक संशोधनाची सुरुवात इथून धरतात. पण तीन वर्षांनी मॉरिस यांनीच गणवेशाच्या मापांच्या नोंदी काढल्या, तर ड्रायव्हरांच्या विजारी कंबरेला मोठ्या असल्याचं दिसलं. म्हणजे मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील का? स्वतःच्याच निष्कर्षावर शिंप्याच्या नोंदी घेऊन चालून जाणारा हा माणूस मला फार आवडतो. तर ४१ टक्के हा आकडा औषधाच्या परिणामासारखा वाचू नका. शिवाय लींच्या अभ्यासातल्या बायका बहुतांश गोऱ्या, शिकलेल्या, आरोग्यसेवेत काम केलेल्या होत्या. पंतनगरच्या त्रेपन्न वर्षांच्या बाईपर्यंत तो आकडा जसाच्या तसा येत नाही. आलेखाचा आकार मात्र इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी सारखा निघालाय की त्यावर मी विसंबेन.

हा प्रश्न एकट्या आत्याचा नाही. मुंबई महापालिकेनं २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनं केलेल्या पाहणीत १८ टक्के प्रौढांची उपाशीपोटीची साखर वाढलेली आणि ३४ टक्क्यांना उच्च रक्तदाब असल्याचं दिसलं. २०२४ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलेल्या जागतिक अंदाजानुसार भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत ४२ टक्के, बायकांत ५७. आणि आयसीएमआरच्या इंडिआब अभ्यासाचा पहिला टप्पा, ज्यात महाराष्ट्र होता, तो आणखी एक गोष्ट सांगतो: फिरायला जाणं, खेळणं, व्यायाम अशी मोकळ्या वेळातली हालचाल करणारे दहा टक्क्यांहूनही कमी.

इथे आपली भाषाच एक भेद करते. ‘चालणं’ वेगळं आणि ‘वॉकला जाणं’ वेगळं. मुंबईचा माणूस चालतो. घर ते रिक्षा, रिक्षा ते स्टेशन, पूल चढ, पूल उतर. पण तो वॉकला जात नाही. आत्याच्या फोनमध्ये ऑफिसच्या दिवशी साधारण साडेतीन हजार पावलं दिसतात. त्यातही फोन घरी आल्यावर ओट्यावर पडलेला असतो, त्यामुळे ओटा ते गॅलरी ते मोरी या खेपा मोजल्याच जात नाहीत. २०१७ मध्ये नेचरमध्ये सात लाखांवर लोकांच्या फोनवरून १११ देशांची पावलं मोजणारा पेपर आला होता, त्यात भारताची सरासरी ४,२९७ होती. त्या पेपरनंतर भारतीयांच्या आळशीपणाच्या बऱ्याच बातम्या झाल्या. पण त्यातच दुसरं एक निरीक्षण होतं, ज्याची बातमी झाली नाही. ज्या देशांत चालणं सगळ्यात असमान वाटलेलं आहे तिथे बायकांची पावलं पुरुषांपेक्षा बरीच कमी पडतात, आणि जी शहरं चालण्याजोगी आहेत तिथे ही दरी आकसते. म्हणजे प्रश्न निम्मा पायांचा आहे, निम्मा रस्त्याचा.

मग रस्त्याकडे येऊ. उपनगरात ‘रोज चाला’ या वाक्याचा अर्थ पिनकोडप्रमाणे बदलतो. बोरिवलीत राष्ट्रीय उद्यानाच्या गेटजवळ घर असेल तर तुम्ही नशीबवान. पहाटे पास दाखवायचा आणि झाडांखालून चालत सुटायचं. कान्हेरीपर्यंतचा रस्ता सहा-सात किलोमीटर, ताशी सहाचा वेग हवा तर तिथे जमेल. लोखंडवालात जॉगर्स पार्क आहे. मुलुंडकरांना संभाजी मैदान आहे. चालण्यावरचे मराठी लेख आणि व्हिडिओ बघितले तर मागे नेहमी अशीच झाडं दिसतात. मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास भरते. म्हणजे एक चटई अंथरली की तुमचा वाटा संपला. सल्ल्यामागच्या चित्रात ही चटई कधीच नसते.

‘एक स्टेशन आधी उतरा’ हा त्यातला सगळ्यात लोकप्रिय उपाय. इंग्रजी आरोग्य-पुस्तिकांमधून तो आपल्याकडे आलाय. कागदावर झकास. आत्यानं हेही एकदा करून बघितलं. मरोळ नाक्याच्या ऐवजी साकीनाक्याला उतरली. मेट्रोच्या खांबांखालून जाणारा अंधेरी-कुर्ला रोड ज्यांनी सकाळी नऊला बघितलाय त्यांना पुढचं सांगायला नको. फुटपाथ आहे, पण त्यावर मोटारसायकली आहेत, टपऱ्या आहेत, उचकटलेले पेव्हर ब्लॉक आहेत, आणि जिथे काहीच नाही तिथे गटाराचं झाकण नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीत फुटपाथची मोकळी रुंदी कमीत कमी १.८ मीटर हवी असं लिहिलंय, म्हणजे दोन व्हीलचेअर शेजारून जाव्यात एवढी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तर वापरण्याजोगा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा, कलम २१ चा भाग आहे असं सांगितलं. आणि अंधेरीकरांना हेही आठवत असेल की ३ जुलै २०१८ ला गोखले पुलाचा जो भाग रुळांवर कोसळला तो पादचाऱ्यांचाच होता.

‘भरभर चालणे’ हे दोन शब्द लिहिताना डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर कुठला रस्ता असतो, हे मला खरंच विचारावंसं वाटतं.

बायकांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर?’ हे मुंबईवरचं पुस्तक २०११ मध्ये आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की या शहरात बाई बाहेर दिसली तर तिच्याकडे बाहेर असण्याचं काहीतरी कारण दिसावं लागतं. पिशवी, मूल, ऑफिसची पर्स. विनाकारण रेंगाळायची मुभा तिला नाही. हे वाचल्यापासून मी पहाटे चालणाऱ्या बायकांचे बूट वेगळ्या नजरेनं बघते. ते पायांसाठी असतात तेवढेच इतरांना दिसण्यासाठी असतात: मी रिकामटेकडी नाही, मी ‘वॉक’ला आले आहे. आत्याला मी विचारलं, ‘‘रात्री जेवल्यावर खाली का नाही जात? तेव्हा तर कुकरही नसतो.’’ ती म्हणाली, ‘‘रात्री साडेनऊला एकटी खाली फेऱ्या मारायला लागले तर शेजारी विचारतील, घरात काही झालंय का.’’ कुठल्याही प्रश्नावलीत या उत्तरासाठी चौकोन नाही. ‘वेळ नाही’, ‘इच्छा नाही’, ‘तब्येतीचं कारण’ एवढेच असतात. आत्याचं उत्तर बहुधा ‘इच्छा नाही’ मध्ये गेलं असतं.

आता सवयीकडे. आत्या म्हणते, ‘‘एकवीस दिवस काढले असते तर सवय लागली असती.’’ हा एकवीसचा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकावरून पसरला. रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एवढे दिवस लागतात असं त्याचं निरीक्षण होतं. नाकाच्या ऑपरेशनवरून व्यायामाचा नियम! प्रत्यक्ष मोजमाप लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी केलं. ९६ जणांनी रोज ठरावीक प्रसंगाला जोडून एक गोष्ट करायची, उदाहरणार्थ जेवणाआधी थोडं चालायचं, आणि ती किती आपोआप होते याची नोंद करायची. सवय पक्की व्हायला लागलेल्या दिवसांचा मध्यक निघाला ६६, पण माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत फरक. (यातला २५४ हा आकडा अंदाजानं पुढे ओढलेला आहे. अभ्यास ८४ दिवसांचाच होता.) साधं पाणी पिण्यापेक्षा व्यायामाला जास्त दिवस लागले. आणि एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यावर लक्षणीय परिणाम झाला नाही.

हे शेवटचं वाक्य चिठ्ठीवरच्या ‘रोज’खालच्या त्या दोन रेघांशेजारी ठेवून बघा. आत्याचं जे बिघडलं ते दहाव्या दिवशी नाही. पाऊस पडणारच होता, जून महिना होता. बिघडलं तेराव्या दिवशी, जेव्हा परत जाता आलं असतं पण ‘आता मोडलंच’ असं वाटून ती गेली नाही. २०२१ मध्ये कॅथरिन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका जिमच्या ६१ हजार सभासदांवर एकाच वेळी ५४ वेगवेगळ्या युक्त्या तपासल्या. सगळ्यात वर आलेली युक्ती कुठली? चुकल्यानंतर परत आलात तर छोटंसं बक्षीस, रुपयांत दहासुद्धा नव्हे. त्यानं जिमच्या फेऱ्या २७ टक्क्यांनी वाढल्या. पण हा पेपर वाचताना लोक एक गोष्ट सोडतात: चार आठवड्यांचा कार्यक्रम संपल्यावरही परिणाम टिकला अशा युक्त्या ८ टक्केच होत्या. आणि ही सगळी माणसं आधीच जिमचे पैसे भरलेली होती. त्यामुळे बक्षिसांवर माझा फार विश्वास नाही. परत येण्याचा दरवाजा उघडा ठेवणं, एवढं मात्र मी त्यातून घेते.

मग लिहायचं काय त्या कागदावर? यावर मला वाटतं उत्तर आपल्या घरात आधीपासून आहे, फक्त त्याला कोणी औषध म्हणून लिहीत नाही. शतपावली.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात अँड्र्यू रेनॉल्ड्स यांनी टाइप २ मधुमेहाच्या ४१ रुग्णांना दोन प्रकारचे सल्ले आलटूनपालटून दिले. एकदा ‘दिवसातून कधीही ३० मिनिटं चाला’, आणि एकदा ‘प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा मिनिटं चाला’. प्रत्येक सल्ला दोन आठवडे. मिनिटं तेवढीच. जेवणानंतरच्या सल्ल्याच्या काळात जेवणानंतर चढणारी साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. हा अभ्यास मला विशेष आवडतो कारण तो चालण्याची नाही, सल्ल्याची परीक्षा घेतो. शब्द बदलले, परिणाम बदलला. त्याआधी २०१३ मध्ये लोरेटा डिपिएट्रो यांनी साठीपुढच्या दहा जणांवर ४५ मिनिटांची सलग फेरी आणि जेवणानंतरच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या तीन फेऱ्या यांची तुलना केली होती. दिवसभराच्या साखरेवर तुकड्यांचा परिणाम सकाळच्या सलग फेरीएवढाच चांगला झाला, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर तुकडेच सरस ठरले. दहाच माणसं, त्यामुळे यावर फार मोठी इमारत उभी करू नये. पण ४५ चे तीन तुकडे करता येतात एवढं कळायला ती पुरेत. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२० मध्ये ‘निदान दहा मिनिटं सलग’ ही जुनी अट काढून टाकलीय.

शतपावलीच्या बाजूनं अजून एक मुद्दा आहे, तो कुठल्या पेपरमध्ये नाही. तिला बूट लागत नाहीत, आणि तिला कारण लागत नाही. जेवण झालंय हेच कारण. लॅलींच्या भाषेत बोलायचं तर प्रसंग आधीच ठरलेला आहे, त्याला फक्त चिकटायचंय. रोजचं पहाटेचं सव्वापाच हा नवा प्रसंग आत्याला शून्यातून उभा करावा लागत होता, झोपेतून कापून.

एका डॉक्टर मैत्रिणीला हा मसुदा दाखवला तर ती वैतागली. ‘‘ओपीडीत माझ्याकडे एका पेशंटला चार मिनिटं असतात. त्यात मी आलेख काढून दाखवू का? पंचेचाळीस सांगितलं की माणूस वीस करतो. वीस सांगितलं तर पाच करेल.’’ तिचा हा घासाघीस-सिद्धांत पूर्ण चुकीचा म्हणता येणार नाही. दीना ब्रावाटा यांनी २००७ मध्ये पावलं मोजायच्या यंत्रांवरचे २६ अभ्यास एकत्र केले. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या अभ्यासांत यंत्र वापरणारे दिवसाला सुमारे २,५०० पावलं जास्त चालले, आणि वाढ झाली ती पुढे काहीतरी लक्ष्य असलेल्यांची. लक्ष्य नसेल तर नुसतं मोजून काही होत नाही. म्हणजे आकडा हवाच. माझं भांडण आकड्याशी नाही, सगळ्यांना एकच आकडा देण्याशी आहे. ‘तुम्ही आता किती चालता?’ हा प्रश्न विचारायला चार मिनिटांतली वीस सेकंद लागतात. फोन बहुतेकांच्या हातात असतोच. साडेतीन हजार म्हणाले तर पुढच्या महिन्यासाठी साडेचार लिहा. एक हजार म्हणजे दहा मिनिटं. हे चिठ्ठीवर मावतं. आणि ज्यांना इन्सुलिन चालू आहे किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी जेवणानंतरच्या चालण्याबद्दलही आधी विचारावं, हेही मावतं. मैत्रीण म्हणाली, ‘‘वीस सेकंदांचं बघते.’’

नोव्हेंबरपासून आत्या रात्री जेवल्यावर चालते. खाली नाही, गच्चीवर. सोसायटीच्या आवारात गाड्या लागल्यामुळे तिथे फेरी मारायला जागाच उरलेली नाही, आणि गच्चीला कुलूप असतं, त्याची किल्ली सेक्रेटरींकडे. पहिले पंधरा दिवस ती रोज त्यांच्या घराची बेल वाजवायची. मग तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी बायका तिच्याबरोबर यायला लागल्या आणि तिघींनी मिळून किल्लीची दुसरी प्रत मागितली. ती अजून मिळालेली नाही. गच्चीवर टाकी आहे, सुरक्षेचा प्रश्न आहे, जनरल बॉडीत विषय घ्यावा लागेल असं उत्तर आलंय. तोवर रविवारी बेल वाजवायची नाही असं ठरलंय, म्हणून रविवारी सुट्टी. फोन ती आता पदराच्या गाठीत बांधून नेते. मागच्या आठवड्याची सरासरी मी बघितली, ४,९००. साखर पुढच्या महिन्यात तपासायची आहे.